गावाचा इतिहास वाचताना: प्राथमिक वर्गासाठी वाचन-उपक्रमाची आखणी

वाचनाचा उपक्रम म्हटला की महाराष्ट्रातील बहुतेक प्राथमिक शाळांत एकच आराखडा पुढे येतो. कोणी किती पुस्तके वाचली याचा तक्ता भिंतीवर लागतो आणि 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी सर्वांत जास्त पुस्तके वाचणाऱ्या मुलाचे कौतुक होते. दुसरीकडे परिसर अभ्यासाच्या तासिकेत गावाच्या इतिहासावर दोन-चार प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरे फळ्यावर येतात आणि मुले ती वहीत उतरवून घेतात. पहिल्या कामात मूल वाचते, पण कशासाठी वाचायचे हे त्याला ठाऊक नसते. दुसऱ्या कामात विषय त्याच्या दारातला असतो, पण त्यात त्याला वाचायला काहीच मिळत नाही. ही दोन्ही कामे एकत्र बांधून सुमारे सहा आठवड्यांचा एक उपक्रम कसा उभा करावा, हे येथे तिसरी ते पाचवीच्या वर्गांचा विचार करून मांडले आहे. आठवड्याला परिसर अभ्यासाच्या दोन तासिका आणि रोजची पंधरा मिनिटे एवढा वेळ त्याला पुरतो, त्यामुळे द्विशिक्षकी शाळेतही तो चालवता येतो.

आधी प्रश्न ठरवावा

‘आमच्या गावाचा इतिहास’ हा विषय मुलांना देऊ नये. तो इतका मोठा आहे की मुले घरच्या मोठ्या माणसांकडून एक परिच्छेद लिहून आणतात आणि काम तेथेच संपते. त्याऐवजी संपूर्ण वर्गाने मिळून एकच नेमका प्रश्न निवडावा. आपली शाळा सुरुवातीला कोठे भरत होती, नळ येण्यापूर्वी गावात पाणी कोठून आणले जात होते, एसटी गावात पहिल्यांदा केव्हा आली आणि त्याआधी लोक तालुक्याला कसे जात होते, वेशीजवळचा कोरीव दगड कशाचा आहे, असे प्रश्न चालतील. प्रश्न पक्का करण्यापूर्वी शिक्षकांनी एका सायंकाळी गावात फेरी मारून तीन गोष्टी मिळतात का ते पाहावे: या प्रश्नावर काहीतरी लिहिलेले सापडते का, काहीतरी अजून उभे आहे का आणि ते आठवणारे कोणी हयात आहे का. तीनपैकी दोन गोष्टी मिळाल्या तरी प्रश्न घेण्यासारखा असतो. एकच मिळत असेल तर तो प्रश्न पुढच्या वर्षासाठी ठेवून दुसरा घ्यावा.

शहरातील शाळांना आपल्याकडे इतिहास नाही असे वाटण्याची शक्यता असते, परंतु वसाहत कोणत्या साली उभी राहिली, तिच्याआधी त्या जागी शेत होते की गिरणी, रस्त्याला हे नाव कोणी आणि का दिले, हे प्रश्न तितकेच खरे आहेत. त्यांची उत्तरे देणारी माणसे तर शाळेच्या फाटकाबाहेरच भेटतात.

आव्हान मोजदादीचे नसावे

पुस्तकांची किंवा पानांची संख्या हेच आव्हान ठेवले की मुले पातळ पुस्तके शोधतात, वेगाने पाने उलटतात आणि अडखळत वाचणारे मूल पहिल्याच आठवड्यात मागे पडून उपक्रमातून मनाने बाहेर जाते. बक्षिसांविषयीही सावध राहावे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चित्र काढण्याची मुळात आवड असलेल्या बालवर्गातील मुलांना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधीच सांगितले, तेव्हा नंतर मोकळ्या वेळेत त्या मुलांचे चित्र काढणे कमी झाल्याचे दिसले. ज्यांना असे काही आधी सांगितले नव्हते, त्यांच्यात ही घट दिसली नाही. वाचनाची आवड लागू पाहत असलेल्या वयात आधीच जाहीर केलेले बक्षीस टाळणे म्हणूनच शहाणपणाचे वाटते.

त्याऐवजी प्रत्येक मुलाला एका जाड कागदाचे वाचनपत्र द्यावे आणि त्यावर वाचनाच्या प्रकारांचे रकाने आखावेत: छापील पुस्तकातील मजकूर, फलकावरील किंवा कोनशिलेवरील मजकूर, जुने कागदपत्र, दगड किंवा वास्तू, ऐकून लिहून घेतलेली आठवण आणि दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलेला उतारा. सहा आठवड्यांत प्रत्येक रकान्यात किमान एक नोंद करणे एवढेच आव्हान ठेवावे. नोंद चार ओळींची असावी आणि तिच्यात काय वाचले, कोठे वाचले, त्यातून आपल्या प्रश्नाविषयी कोणती एक गोष्ट कळली आणि कोणता नवा प्रश्न पडला हे यावे. चौथी ओळ सर्वांत मोलाची आहे, कारण वर्गाची पुढची दिशा तिच्यातूनच ठरते. भिंतीवर वैयक्तिक तक्ता न लावता संपूर्ण वर्गाचा एकच मोठा कागद लावावा आणि त्यावर प्रश्नाविषयी नव्याने कळलेली गोष्ट, ती आणणाऱ्या मुलाच्या नावासह, लिहीत जावे.

वाचनाची पातळी पहिल्या आठवड्यातच पाहून घ्यावी. अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा टप्प्यांवर मुलांना तपासण्याची पद्धत बहुतेक शिक्षकांच्या परिचयाची आहे आणि येथेही ती पुरेशी आहे. शब्दाच्या टप्प्यावरील मुलाची जोडी गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलाशी लावावी, मात्र वाचनाचे काम दोघांत वाटून द्यावे. फलकावरील ठळक अक्षरे, सनावळी, नावे आणि आकडे पहिल्या मुलाने वाचावेत, तर सलग मजकूर दुसऱ्याने वाचावा. गावातील लेखनाचा येथे मोठा फायदा होतो. पुस्तकाचे पान पाहून बिचकणारे मूल ‘स्थापना 1932’ हे दोन शब्द आत्मविश्वासाने वाचते आणि वर्गाच्या मोठ्या कागदावर त्याचेही नाव लागते.

वाचायला द्यायचे काय

गावाविषयी मुलांसाठी लिहिलेले पुस्तक बहुधा नसते, ही या उपक्रमातील खरी अडचण आहे. जिल्ह्यापर्यंतची सोय बऱ्यापैकी आहे. बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्हावार काढली होती आणि त्यांच्या प्रती शाळेच्या कपाटात सापडू शकतात. बालभारतीचेच ‘किशोर’ हे मासिक 1971 पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंकही आता संगणकावर पाहता येतात. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेले ग्रंथालय गावात किंवा शेजारच्या गावात असेल, तर तेथील ग्रंथपालांना उपक्रमाच्या सुरुवातीलाच भेटावे. शताब्दीच्या स्मरणिका, देवस्थानाच्या किंवा सहकारी संस्थेच्या पुस्तिका, गावातील एखाद्या शिक्षकाने स्वखर्चाने छापलेली गावकथा असे साहित्य त्यांच्याकडेच असते आणि ते कोणत्याही यादीत दिसत नाही.

शिक्षकांनी स्वतः पाहावे असे आणखी दोन ग्रंथ आहेत. पहिला म्हणजे जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची आणि त्यातील गावांची माहिती देणारा सरकारी ग्रंथ. मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांचे जुने गॅझेटियर जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली तयार झाले. रत्नागिरीचा खंड 1880 चा, नाशिकचा 1883 चा, तर पुणे आणि सातारा यांचे खंड 1885 चे आहेत. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत होता, त्यामुळे त्या भागांतील शिक्षकांना या मालेऐवजी आपापल्या प्रांताचे गॅझेटियर शोधावे लागतात. हे खंड इंग्रजीत आहेत आणि त्यांतील समाजांची वर्णने राज्यकर्त्यांच्या नजरेने केलेली आहेत, म्हणून ती वर्गात नेऊ नयेत. परंतु मोठ्या गावांची लोकसंख्या, बाजाराचा वार, शाळा, टपाल कचेरी, तलाव, किल्ला यांविषयीच्या नोंदी उपयोगी पडतात. दुसरा ग्रंथ म्हणजे जनगणनेची जिल्हा पुस्तिका. तिच्यात प्रत्येक गावाची लोकसंख्या आणि सोयी दिलेल्या असतात. गॅझेटियरमधील जुन्या जनगणनेचा आकडा आणि पुस्तिकेतील 2011 चा आकडा शेजारी ठेवून पाचवीच्या मुलांना वजाबाकी करू द्यावी. फरक पाहून मुले जे प्रश्न विचारतात, त्यांत पुढच्या दोन आठवड्यांचे काम दडलेले असते.

हे साहित्य मुलांच्या भाषेत आणणे हे शिक्षकांचे काम आहे आणि ते टाळता येत नाही. एकच माहिती तीन पायऱ्यांवर लिहावी. नमुन्यादाखल बारवेचा विषय घेऊ. पहिल्या पायरीवर ‘ही बारव आहे. बारवेला पायऱ्या आहेत. पायऱ्या दगडाच्या आहेत.’ एवढेच असावे. दुसऱ्या पायरीवर ‘बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. उन्हाळ्यात पाणी खाली गेले तरी पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येत असे.’ असे लिहावे. तिसऱ्या पायरीवर ती कोणी बांधली असे सांगतात, ते कशावरून सांगतात आणि आज तिची स्थिती काय आहे, हे सात-आठ वाक्यांत यावे. तिन्ही पानांवर चित्र एकच असावे, म्हणजे कोणत्या मुलाला सोपे पान मिळाले हे लांबून ओळखू येत नाही.

दगड वाचताना

क्षेत्रभेटीत मुलांना सर्वांत जास्त गुंतवणारी वस्तू म्हणजे वीरगळ, असे मला वाटते. गावाच्या वेशीजवळ, मंदिराच्या आवारात किंवा पारावर असे दगड अनेक ठिकाणी आहेत आणि ते कशाचे आहेत हे ठाऊक नसल्याने त्यांची उपेक्षा होते. लढताना मरण पावलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेल्या या दगडावर एकावर एक चौकटी कोरलेल्या असतात आणि त्या खालून वर वाचायच्या असतात. मुलांना हे आधी सांगू नये. त्यांना दगडासमोर बसवून प्रत्येक चौकटीत कोण दिसते आणि ते काय करते आहे, एवढेच लिहायला सांगावे. सामान्यतः सर्वांत खाली लढाई असते, कधी तिथेच आडवा पडलेला वीरही दिसतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत असतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. सर्वांत वर कलश असतो आणि बाजूला चंद्र व सूर्य कोरलेले असतात, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर या वीराची कीर्ती राहो. खालच्या चौकटीत गाई दिसल्या तर त्या वीराने गोधनाच्या रक्षणासाठी प्राण दिले असे समजतात. वरून खाली वाचणाऱ्या मुलांच्या गोष्टीत पूजा करणारा माणूस शेवटी लढून मरतो, तर खालून वर वाचणाऱ्यांच्या गोष्टीत लढून मेलेला माणूस स्वर्गात पोचतो. दोन्ही गोष्टी वर्गात मोठ्याने वाचल्या की कोणती चौकट आधीची यावर वाद होतो आणि हा वाद मुलांनी दगडावरच्या खुणा दाखवून सोडवावा. मजकुराचा क्रम आणि अर्थ यांचा संबंध समजण्यासाठी यापेक्षा चांगला धडा मिळणे अवघड आहे.

येथे काही पथ्ये कडकपणे पाळावी लागतात. कोरीव काम उठून दिसावे म्हणून दगडावर खडू, तेल, रंग किंवा पीठ लावू नये आणि तारेच्या ब्रशने घासू तर मुळीच नये. सकाळी किंवा सायंकाळी तिरपे ऊन पडते तेव्हा झिजलेली अक्षरेही दिसतात, त्या वेळी छायाचित्र घ्यावे. दगड पूजेत असेल तर आधी गावकऱ्यांची परवानगी घ्यावी. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांना 1958 च्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे आणि जमिनीत सापडलेली जुनी नाणी किंवा मौल्यवान वस्तू 1878 च्या निखात निधी अधिनियमाखाली येते, म्हणून मुलांना असे काही मिळाल्यास ते घरी न नेता मुख्याध्यापकांना आणि त्यांच्यामार्फत तहसील कार्यालयाला कळवावे, हे क्षेत्रभेटीपूर्वीच समजावून सांगावे.

कोनशिलेवर किंवा मंदिराच्या भिंतीवर शक दिलेला असेल तर इसवी सन काढण्यासाठी त्यात 78 मिळवावेत. पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथी बहुतांशी पुढच्या इंग्रजी वर्षात येत असल्याने त्यांच्यासाठी 79 मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके 1596 च्या ज्येष्ठातला, म्हणजे 1674 चा. चौथीच्या मुलांना ही बेरीज स्वतः जुळवून पाहताना आनंद होतो.

आठवणी लिहून घेताना

गावातील आजी-आजोबांना वर्गात बोलवावे किंवा चार-पाच मुलांचा गट त्यांच्याकडे पाठवावा, पण ‘तुमच्या वेळचे काहीतरी सांगा’ असे विचारू नये. प्रश्न वस्तूंविषयी असावेत: पाणी कशातून आणायचा, विहिरीवर किती वाजता जायचा, तुमच्याबरोबर कोण असायचे. साल विचारल्यावर उत्तर मिळाले नाही, तर मोठ्या घटनांचा आधार घ्यावा. 1972 च्या दुष्काळाच्या आधी की नंतर, हा प्रश्न जवळपास सगळीकडे चालतो. सातारा-सांगलीकडे 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप, पुण्यात 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर, लातूर आणि धाराशिवकडे 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप आणि कोकणात 26 जुलै 2005 चा पाऊस लोकांच्या पक्का स्मरणात आहे. ‘भूकंप झाला तेव्हा माझा थोरला रांगत होता’ या एका वाक्यातून मुले साल काढू शकतात.

आजोबांची जन्मतारीख 1 जून निघाली तर मुलांनी थांबून विचार करावा. जुन्या पिढीत नेमकी तारीख ठाऊक नसलेल्या मुलांची शाळेत नोंद करताना अनेकदा 1 जून हीच तारीख घातली जात असे. वर्गातील मुलांनी आणलेल्या दहा-पंधरा तारखा फळ्यावर लिहिल्या की त्यांतील सारखेपणा त्यांना आपोआप दिसतो आणि कागदावर लिहिलेले असूनही ते तंतोतंत खरे असेलच असे नाही, ही समज त्यांना उपदेशाशिवाय येते.

हीच समज घेऊन शाळेच्या जनरल रजिस्टरकडे वळावे. ते रजिस्टर मुलांच्या हाती थेट देऊ नये, कारण त्यात हयात माणसांची नावे, जाती आणि जन्मतारखा असतात. मुख्याध्यापकांच्या संमतीने शिक्षकांनी त्यातून केवळ आकडे काढून द्यावेत: अमुक साली किती मुलगे आणि किती मुली दाखल झाल्या, दहा वर्षांनी किती, त्यानंतर किती. मुलींचा पहिला आकडा दिसतो त्या वर्षाची वर्गात हमखास चर्चा होते. त्या वर्षाच्या आसपास शाळेत आलेली एखादी आजी गावात असेल तर पुढची मुलाखत तिचीच घ्यावी.

पाण्याच्या किंवा शाळेच्या इतिहासात जातिभेदाचा विषय येतोच आणि त्याला बगल देणे योग्य नाही. कोणाला कोणत्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, हे कोणी आजोबा सांगतील. ते ऐकायला मुले लहान आहेत असे म्हणून विषय बदलला, तर ज्या मुलांच्या घरांनी ते सोसले त्यांना आपला इतिहास सांगण्याजोगा नाही असा निरोप जातो. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ही माहिती तेव्हा सोप्या शब्दांत द्यावी आणि असे वागणे अन्यायाचे होते, आज ते कायद्याने गुन्हा आहे, हे शिक्षकांनी स्पष्ट सांगावे. मात्र कोणत्याही मुलाला त्याच्या घराविषयी सर्वांसमोर बोलायला भाग पाडू नये. मुलाखतींसाठी माणसे निवडतानाही वाडी, वस्ती, शेतमजूर, भटक्या समाजातील कुटुंबे आणि विशेषतः स्त्रिया यांचा समावेश असल्याची खात्री करून घ्यावी, नाहीतर जमलेला इतिहास दोन-चार मोठ्या घरांपुरता राहतो.

दोरीवरचा काळ आणि मुलांचे लेखन

चौथ्या आठवड्यापर्यंत वर्गाकडे बऱ्याच नोंदी जमतात, पण ‘खूप वर्षांपूर्वी’ म्हणजे किती हे मुलांना उमगलेले नसते. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत सुतळी बांधावी आणि शंभर वर्षांना एक मीटर असे प्रमाण धरावे. आजपासून मागे मोजत गेले की नऊ वर्षांच्या मुलाचे आयुष्य नऊ सेंटिमीटरांत बसते, 1972 चा दुष्काळ अर्ध्या मीटरच्या थोडा पुढे येतो, 1 मे 1960 ही महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेची तारीख त्याच्याही पलीकडे असते आणि शिवराज्याभिषेकासाठी सुमारे साडेतीन मीटर चालत जावे लागते. प्रत्येक नोंदीची चिठ्ठी करून योग्य जागी अडकवावी. साल नक्की नसेल तर एका ठिकाणी अडकवण्याऐवजी दोन चिमट्यांमध्ये रंगीत दोरा बांधून ‘या दोन वर्षांच्या मध्ये’ असे दाखवावे.

दोन आठवणी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर शिक्षकांनी निकाल देऊ नये. दोन्ही चिठ्ठ्या दोरीवर राहू द्याव्यात आणि तिसरा पुरावा शोधायला मुलांना पाठवावे. दंतकथांनाही जागा द्यावी, पण त्यांच्या कागदाचा रंग वेगळा असावा आणि त्यावर ‘असे सांगतात’ हे शब्द लिहिलेले असावेत.

शेवटच्या दोन आठवड्यांत प्रत्येक गटाने एक पान लिहावे. लेखनाला एकच नियम ठेवावा: प्रत्येक माहितीपुढे ती कोठे वाचली किंवा कोणी सांगितली हे यावे, सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीनेच द्यावे. पाने जोडीदार गटाने मोठ्याने वाचावीत आणि जेथे वाचणारा अडखळतो ते वाक्य लिहिणाऱ्यांनी दुरुस्त करावे. शिक्षकांनी शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने भरून न टाकता माहितीचा आधार तपासण्याकडे अधिक लक्ष द्यावे. मूल्यमापनासाठी वेगळी परीक्षा घेण्याची गरज नाही. वाचनपत्रातील पहिल्या आणि शेवटच्या नोंदी शेजारी ठेवल्या की मुलाचे वाचन, लेखन आणि प्रश्न विचारण्याची तयारी यांतील फरक दिसतो.

तयार झालेल्या पुस्तिकेची एक प्रत वर्गवाचनालयात, एक ग्रामपंचायतीत आणि एक गावच्या ग्रंथालयात ठेवावी. मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला मुलांनी त्याच्या घरी जाऊन त्याच्याविषयीचे पान वाचून दाखवावे आणि चुका सांगितल्या तर त्या लिहून घ्याव्यात. पुस्तिकेच्या शेवटी चार कोरी पाने सोडावीत. त्यांवर या दुरुस्त्या तारखेसह उतरवाव्यात आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाने आपला उपक्रम ही पुस्तिका वाचून, तिच्यात अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नांपैकी एक निवडून सुरू करावा.